खाली डावीकडचा तेजोमेघ

३ जानेवारी, शनिवार

नववर्षाचे संकल्प सामान्यजन १ तारखेला करतात आणि २ तारखेला मोडतात. मी ते ३ तारखेला करतो. तोवर मोडणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते.

यंदाचा संकल्प एकच. माझ्या हातून तेजोमेघाचे असे एक छायाचित्र निघेल की पाहणाऱ्याची वाचा जाईल. विशेषतः दंतवैद्यांची. आजवर त्यांच्यासमोर इतरांची वाचा गेलेली आहे. तोंडात यंत्र असल्यावर दुसरा इलाजच नसतो. कुठेतरी न्याय व्हायला हवा.

दंतवैद्य आमच्या ताराप्रेमी मंडळाचे अध्यक्ष आहेत. डिसेंबरच्या सभेत माझा मृगातील तेजोमेघ भिंतीवर झळकला. त्यांनी तो एक मिनिटभर न्याहाळला आणि म्हणाले, छान आहे हो, पण कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसलीय तुमच्या, फ्लॅट घेत चला. यावर अठरा जण हसले. मला वगळून मंडळाचे सभासद सतरा. एक गृहस्थ पत्ता चुकून आले होते, तेही हसले.

फ्लॅट म्हणजे काय, ते माझ्या वृद्धापकाळातील विस्मरणासाठी लिहून ठेवतो. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणायचे आणि दिवसाउजेडी त्या कापडाचा फोटो काढायचा. काचेवर धूळ नेमकी कुठे बसली आहे, हे त्यावरून कॉम्प्युटरला कळते. मग खऱ्या फोटोत तो तेवढीच जागा जरा उजळ करतो आणि डाग नाहीसा होतो. तत्त्व निर्दोष आहे. फक्त प्रतिष्ठेला धरून नाही. ज्या यंत्राने मी तेराशे प्रकाशवर्षे दूर पाहतो, त्या यंत्राने फडक्याचा फोटो?

४ जानेवारी, रविवार. सकाळी ११

घेतले. विरोधकांच्या तोंडाला कुलूप लावण्यासाठी.

सौ.कडे पांढरी चादर मागितली. धुतलेली चादर नळकांड्यावर ताणायला मिळणार नाही, असे उत्तर आले. माझ्या दुर्बिणीला ती नळकांडे म्हणते. शेवटी अंगावरचे बनियन उतरवून विज्ञानाला अर्पण केले. समोरच्या गच्चीवर झाडांना पाणी घालणाऱ्या काकूंनी विचारले, काय हो, दुर्बिणीला थंडी वाजते का? उघड्या अंगाने शास्त्रीय उत्तर देता येत नाही.

फोटोत खाली डावीकडे एक गोल डाग निघाला, बांगडीच्या आकाराचा. म्हणजे दंतवैद्य बरोबर होते. अशा घटना घडतात.

फ्लॅट दर वेळी नवे घ्यावे लागतात, असे त्यांचे म्हणणे. दंतवैद्य सगळेच दर वेळी करायला सांगतात. त्यावर त्यांचा दवाखाना चालतो. माझे आता एकदा घेऊन झाले, ते आयुष्यभर पुरतील. गोवराची लस आपण दर गुरुवारी टोचून घेत नाही.

६ जानेवारी, मंगळवार

गंभीर तक्रार. कॅमेरा जरा मोकळा श्वास घेवो म्हणून झाकण काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. संध्याकाळी घरी येतो तो सौ.ने त्याची काच पुसून ठेवलेली!

सौ. पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर मायक्रोस्कोपमधून लोकांचे रक्त पाहते आणि काच दिसली की पुसते. तिला पर्यायच नसतो. वर मलाच म्हणते, अहो, केवढी घाण होती त्यावर, आमच्याकडे असली काच सापडली तर मॅडम सगळ्यांसमोर लाज काढतील. वैज्ञानिक उपकरणांच्या अनुल्लंघनीयतेवर मी तिला बारा मिनिटे समजावून सांगितले. त्यातली चार तिने ऐकली. उरलेली आठ मी बंद बाथरूमच्या दाराला ऐकवली.

संकल्प: कॅमेरा यापुढे कुलपात.

९ जानेवारी, शुक्रवार

छापखान्यात विजय. कुंड्यांसाठी खत विकणाऱ्या एका दुकानाचे माहितीपत्रक आले होते. छापायला जाण्याआधीच्या शेवटच्या कागदावर 'उत्तम खत' या शब्दांतल्या 'ख'च्या डोक्यावर एक ठिपका. म्हणजे 'उत्तम खंत'. कंपोझिटर म्हणे तो अनुस्वारच, मूळ मजकुरातून आला असेल. मी भिंग लावले. कड खरबरीत, आकार अनियमित. अनुस्वार नव्हे, धूळ! साहेब म्हणाले, तुमच्यामुळे अब्रू वाचली, नाहीतर लोकांनी कुंड्यांत खंत घातली असती.

सव्वीस वर्षे मी मुद्रितशोधक आहे. ठिपका अक्षराचा आहे की कचऱ्याचा, हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो. आणि मला धूळ शिकवायला निघाले आहेत दंतवैद्य.

१८ जानेवारी, रविवार

अमावास्या. काल रात्री आकाश निरभ्र होते. शहाण्णव फोटो घेतले. आज दुपारी लॅपटॉपवर ते एकावर एक रचले. आयुष्यभराचे फ्लॅट लावले.

१.४० – मृगातील तेजोमेघ उगवला. नयनरम्य. जांभळा जरा जास्त. जांभळा कमी करणे हे भित्र्या वृत्तीचे लक्षण.

१.५५ – खाली डावीकडे काहीतरी आहे.

२.०५ – कंकणाकृती. मध्ये पोकळ, कड तेजस्वी.

२.१५ – तीन नकाशे तपासले. तिथे काहीही नोंदलेले नाही. काहीही नाही!

२.२० – पाणी प्यायलो. अजून आहे.

२.३० – स्वयंपाकघरात चार प्रदक्षिणा. सौ.ने विचारले, काय हरवलंय? मी म्हणालो, सापडलंय! ती म्हणाली, मग बसा की एका जागी.

४.०० – एका मुद्रितशोधकाने बनियनच्या साहाय्याने नवा तेजोमेघ शोधला आहे. नकाशे करणाऱ्यांनी आकाशाचे प्रूफ नीट वाचलेले नव्हते.

१९ जानेवारी, सोमवार

नाव ठरले: कंकण तेजोमेघ. आणि त्यापुढे सौ.चे नाव. ते मी इथे लिहीत नाही, कारण ही वही किराणाच्या यादीशेजारी असते.

२१ फेब्रुवारीला लग्नाला पंचवीस वर्षे होतात. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला मी तिला बांगड्या करतो म्हणालो होतो. पुढे दुर्बीण आली. गेल्या वर्षी मी तिला भिंगाचा दिवा दिला, जो सध्या माझ्या टेबलावर आहे. त्याआधी तिपाई, जी कॅमेऱ्याखाली आहे. दिव्याच्या वेळी सौ. म्हणाली होती, पंचविसाव्याला मला वस्तू नको, दोन दिवस समुद्रावर घेऊन चला, नळकांड्याशिवाय. आणि पुन्हा असलं काही माझ्या गळ्यात मारलंत ना, तर मी एकटीच जाईन. नंतर हळू आवाजात म्हणाली, हे मी गमतीत म्हणत नाहीये.

मला तेव्हा काळजी वाटली होती. आता नाही. समुद्र कुणीही दाखवतो. अडीच प्रकाशवर्षे रुंदीची बांगडी कुणी दिली आहे? (रुंदी अंदाजे. अंदाज माझा.)

२१ जानेवारी, बुधवार

विज्ञान पुरावा मागते. म्हणून काल दुर्बीण मुद्दाम वृषभाकडे वळवली. वेगळा तारकासमूह. फोटो रचले, आयुष्यभराचे फ्लॅट लावले.

तिथेही आहे! तसाच! खाली डावीकडे!

म्हणजे जुळे.

२३ जानेवारी, शुक्रवार

मिथुनातही. एकूण तीन.

गळ्याशपथ, असे कुणाच्या वाट्याला आले नसेल. लोक आयुष्यभर एक शोधतात. मी दर दोन दिवसांनी एक. तिन्ही खाली डावीकडे. विश्वाचा कल डावीकडे असावा. यावर स्वतंत्र प्रबंध. संकल्प: प्रबंध फेब्रुवारीत.

छापखान्यात दिवसभर शीळ घातली. कंपोझिटरने विचारले, पगारवाढ झाली का?

२५ जानेवारी, रविवार

सौ.ला आडवळणाने विचारले, मायक्रोस्कोपमध्ये दिसलेली गोष्ट खरी की खोटी, हे तुम्ही कसे ओळखता? ती भाजी निवडता निवडता म्हणाली, सोपं आहे, काचपट्टी सरकवायची. जंतू असला तर पट्टीबरोबर सरकतो. जागचा हललाच नाही, तर तो आपल्याच भिंगातला कचरा. परवा नवीन मुलगी आली होती, तिने एका माणसाला भलताच आजार लावला, तर निघाला काचेवरचा डाग. का हो, तुम्ही का विचारताय?

सहज, असे म्हणालो. वैद्यकशास्त्र अजून बाल्यावस्थेत आहे. आकाशाला कुठली आली काचपट्टी?

३० जानेवारी, शुक्रवार. दुपारी (छापखान्यातून डोके दुखत असल्याचे सांगून लवकर आलो)

२.५० – काल रात्री चंद्र मोठा होता, तेजोमेघाला सुट्टी. म्हणून चंद्राचेच फोटो काढले. रचले. फ्लॅट लावले.

२.५८ – चंद्राच्या डाव्या गालावर, खाली: बांगडी.

३.०५ – म्हणजे तेजोमेघ चंद्राच्या अलीकडे आहे.

३.०८ – म्हणजे तो चंद्र आणि माझी गच्ची यांच्या दरम्यान आहे.

३.१० – गच्ची असुरक्षित. धावत जाऊन वाळत घातलेले कपडे आत आणले. एवढ्यात सौ. आली. सगळे कपडे घड्या करून ठेवलेले पाहून ती दारातच थांबली. तुम्हाला बरं नाहीये का, असे तिने विचारले. पंचवीस वर्षांत हे प्रथमच घडले होते, हेही तिने सांगितले. कपाळाला हात लावून ताप पाहिला.

४.०० – शांतपणे विचार केला. चंद्राचे फोटो डिलीट केले. एका अपवादाने सिद्धान्त कोसळत नसतो. विशेषतः तो अपवाद उरलेलाच नसताना.

४ फेब्रुवारी, बुधवार

२१ तारखेला सायंकाळी पाच वाजता मंडळाच्या सभागृहात अनावरण. दंतवैद्यांना पत्र धाडले: "आपल्या उपस्थितीत एका अश्रुतपूर्व खगोलीय वस्तूचे नामकरण योजिले असून आपण निःशब्द होण्याच्या सिद्धतेने यावे." त्यांचा फोन आला. म्हणाले, अहो, आधी फाइल पाठवा ना, नजरेखालून घालतो, मग सगळ्यांना बोलवा. मी नम्रपणे नकार दिला. जो माणूस जन्मभर लोकांना आ करायला सांगतो, त्याला सगळे आधीच आत डोकावून पाहायचे असते.

सौ.ला म्हणालो, २१ ला संध्याकाळी एक कार्यक्रम आहे, तुझ्या भावांनाही बोलावले आहे. ती म्हणाली, मी दोन दिवसांची रजा टाकलीय, समुद्रासाठी. त्या सभागृहातून समुद्र दिसतो का? मी म्हणालो, त्याहून पुष्कळ मोठे काहीतरी दिसते. यावर ती उठली आणि माळ्यावरून बॅग काढली. हर्ष आवरला नसावा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

छापखान्यात किरकोळ घटना. खतवाल्याने पत्रक पुन्हा छापायला दिले होते. दहा हजार प्रती. छापून, घडी घालून, दुकानात पोचल्यावर तो धापा टाकत आला. 'कुंड्यांसाठी उत्तम खंत'. गिऱ्हाइकं विचारतायत, म्हणे, खंत किलोवर मिळते का? आणि घरची चालेल का?

साहेबांनी माझ्या सहीचा कागद समोर ठेवला. ठिपका दिसला नाही तुम्हाला? मी खोटे बोलत नाही. म्हणालो, दिसला, पण तिथे तो इतका शोभून दिसत होता की मला वाटले तो असायलाच हवा. साहेब खुर्चीत बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्यावर दुसरा माणूस नेमायची पाळी आली, असे म्हणाले.

फार मोठ्या गोष्टी दिसू लागल्या की लहान ठिपके दिसेनासे होतात. राजीनाम्याचा मसुदा तयार ठेवला आहे. २२ तारखेला, कीर्तीच्या शिखरावरून.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

फ्रेमवाल्याने प्रिंट हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, साहेब, खाली कोपऱ्यात कपाचा डाग पडलाय, दुसरी प्रिंट काढून आणा. मी त्याला क्षमा केली. तो काच विकतो; काचेतून पाहणे हा वेगळा व्यवसाय आहे.

घरी सौ.ने बॅग भरली आहे. एकच. माझे कपडे त्यात नाहीत. जागा पुरली नसावी.

२१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७

बॅग दाराशी ठेवली आहे. मी सौ.ला शुभेच्छा दिल्या. ती म्हणाली, संध्याकाळचं होऊ दे, मग बघू. रात्री साडेनऊची गाडी आहे.

तिकिटे किती, ते विचारले नाही. भाषण पाठ करायचे होते.

त्याच दिवशी, सायंकाळी ७.४५. घरी

घडलेले सारे क्रमाने लिहितो. मुद्रितशोधकाने स्वतःचा मजकूर गाळू नये.

उपस्थिती सव्वीस. पहिल्या रांगेत सौ., तिचे दोघे भाऊ आणि दंतवैद्य. फ्रेम झाकायला या वेळी पांढरी चादर मिळाली. माझे भाषण अकरा पानांचे होते. तिसऱ्या पानावर मेहुण्याने जांभई दिली. दंतवैद्य सवयीने त्याच्या दाढांकडे वाकून पाहू लागले. म्हणून आठ पाने सोडून थेट चादर ओढली.

शांतता. खरीखुरी, संपूर्ण शांतता. सगळ्यांची वाचा गेली. मग मी नाव जाहीर केले. चोवीस वर्षे मागे राहिलेली बांगडी, वगैरे. टाळ्या पडल्या. थोरल्या मेहुण्याने डोळे पुसले. सौ. मात्र फ्रेमकडे पाहत होती. मान तिरकी, एक डोळा बारीक. लॅबमध्ये पाहते तशी.

दंतवैद्यांनी हात वर केला. फार मवाळपणे बोलले; त्या आवाजावरून माणसाला दात काढला जाणार हे कळते. फ्लॅट कधीचे आहेत हो हे?

मी अभिमानाने म्हणालो, चार जानेवारीचे. आयुष्यभराचे.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सौ. उभी राहिली. चार? अहो, काच तर मी सहाला पुसली!

दंतवैद्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मी आजवर त्यांना कुणाचे तोंड बंद करताना पाहिले नव्हते. सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली. मग इतरांना त्यांनीच समजावून सांगितले. चार तारखेला काचेवर धूळ होती, तसं कॉम्प्युटरला कळवलं. सहाला वहिनींनी धूळ पुसली. ते मात्र त्याला कुणी कळवलंच नाही. तो बिचारा अजून दर फोटोत तीच जागा उजळ करतोय. चित्रात दिसतेय ती धूळसुद्धा नाही हो. धूळ असती तर निदान काहीतरी असतं.

मागच्या रांगेतून आवाज आला, म्हणजे धुळीचं भूत! तो पत्ता चुकून आलेला गृहस्थ. आता नियमित येतो.

आणि मग सौ. हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड, मग खुर्चीची पाठ धरून. तिला असे हसताना मी नक्की कधी पाहिले होते, ते मला आठवेना. आणि त्या सभागृहात सर्वांत वाईट मला तेच वाटले. डोळे पुसत ती म्हणाली, अहो, लोक बायकोचं नाव चांदणीला देतात. तुम्ही मी पुसलेल्या धुळीला दिलंत! पण बरोबर आहे हो, बरोबर आहे. तो माझाच आहे. मीच पुसला.

मी चादर हातात घेऊन उभा होतो. चादरीची घडी घातली. दुसरे सुचेना.

घरी आलो. बॅग दाराशी. सौ.ने ती उघडली, माझ्या कपाटातून दोन शर्ट आणि दोन बनियन काढून आत ठेवले. जागा होती. बरीच होती. बनियनवर बोट ठेवून म्हणाली, ही अंगात घालायला आहेत. कशावरही ताणायची नाहीत. चला, गाडी चुकेल.

२२ फेब्रुवारी, रविवार. समुद्रकिनारी, दुपार

राजीनामा स्थगित. शिखर सापडले नाही.

समुद्र मोठा आहे. तेजोमेघाइतका नाही, पण सर्व बाजूंनी खरा आहे. सौ. गुडघाभर पाण्यात उभी राहून कंकण तेजोमेघ, कंकण तेजोमेघ असे स्वतःशीच म्हणते आणि हसते. फ्रेम लॅबमध्ये लावणार आहे, नवीन मुलगी येईल तिला दाखवायला. मी हरकत घेतलेली नाही.

संकल्प: बांगड्या. धातूच्या. या महिन्यात.

३.१५ – तिच्या फोनवर तिचा एक फोटो काढला. मागे पाणी, आकाश.

३.१६ – फोटोत खाली डावीकडे काहीतरी आहे. गोलाकार. तांबूस. कड तेजस्वी.

३.१७ – तिन्ही नकाशे मनातल्या मनात तपासले. सौ.ला हाक मारून दाखवले. तिने एक डोळा बारीक केला आणि म्हणाली, फोन सरकवून बघा.

३.१८ – सरकवला. दुसरा फोटो काढला. आहे. जागचा हललेला नाही.

३.१९ – अंगठा. माझा.